पत्रांतून जुळलेला विवाह : मारी आणि पिएर क्युरी

रेडियमचा शोध लाविणारे क्युरी दांपत्य शाळेतील मुलांनाही नावाने ठाऊक असते. गळक्या छपरीत पतिपत्नी उभयता काम करीत आहेत, भल्यामोठ्या लोखंडी सळईने ती बाई कढईतील खनिज ढवळीत आहे, हे चित्र पाठ्यपुस्तकांनी इतके रूढ करून टाकिले आहे की, ही जोडी विधात्याने आधीच जुळवून पृथ्वीवर पाठविली होती असे कोणासही वाटावे. वस्तुस्थिती तशी नव्हती. १८९४ सालच्या उन्हाळ्यात या विवाहाचा संभव फारच थोडा होता. वर पॅरिसनजीकच्या एका खेड्यात खिडकीशी बसलेला. वधू आपल्या मायदेशी निघून गेलेली, आणि जाण्यापूर्वी तिने विवाहास नकारही दिलेला. दोघांमध्ये उरले होते ते फक्त टपाल. त्या टपालाने काय साधले आणि काय साधले नाही, हे समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम वधूची बाजू पाहिली पाहिजे. कारण अडचण सारी तिच्या बाजूस होती.

मारिया स्क्लोडोव्स्का, घरातील लाडक्या नावाने मान्या, हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. त्या वेळी पोलंड हा देश नकाशावर नव्हताच. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला होता, आणि वॉर्सा त्या वेळी रशियाच्या अमलाखाली होते. १८६३ साली पोलिश लोकांनी बंड केले, ते मोडून काढण्यात आले, आणि त्यानंतर शाळांतून पोलिश भाषेची गळचेपी सुरू झाली. मान्याचे वडील गणित व पदार्थविज्ञान शिकविणारे शिक्षक. रशियन वरिष्ठांची मर्जी खपा झाल्यामुळे त्यांना हुद्दा व राहती जागा गमवावी लागली, आणि पुढे घरात विद्यार्थी ठेवून संसार चालवावा लागला. आई मान्याच्या अकराव्या वर्षीच क्षयाने गेली. अशा घरातील मुलीच्या मनात देशाभिमान म्हणजे सभेत टाळ्या वाजविण्याचा विषय नसतो. तो वडिलांच्या अपमानाशी व रोजच्या जेवणाशी निगडित असतो. मान्या सुवर्णपदक मिळवून शाळेतून बाहेर पडली. पण वॉर्सा विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता.

थोरली बहीण ब्रोन्या हिला पॅरिसला जाऊन वैद्यक शिकावयाचे होते. दोघी बहिणींनी एक करार केला. धाकटीने नोकरी करून थोरलीस पैसे पाठवावयाचे, आणि थोरली डॉक्टर झाली म्हणजे तिने धाकटीस पॅरिसला बोलावून घ्यावयाचे. या करारानुसार मान्या १८८६ च्या जानेवारीत वॉर्साच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या श्चुकी या गावी, झोराव्स्की नावाच्या एका जमीनदारी पाहणाऱ्या कुटुंबात, वर्षाला ५०० रुबल पगारावर मुलींची शिक्षिका म्हणून राहिली. चहूकडे साखरेच्या बीटची शेते. फावल्या वेळात तिने गावातील शेतकऱ्यांची मुले गोळा करून त्यांना पोलिश लिहावयास-वाचावयास शिकविले. हे कृत्य त्या काळी गुन्हा होते.

त्या घरचा वडील मुलगा काझिमिएर्झ वॉर्सा येथे गणिताचा अभ्यास करीत असे. तो सुटीत घरी आला, दोघांची मने जुळली, आणि लग्नाची गोष्ट निघाली. आईवडिलांनी साफ नाकारले. दुसऱ्याच्या घरी नोकरी करून राहिलेली, निर्धन मुलगी सून म्हणून त्यांस नको होती. तीच मुलगी शिक्षिका म्हणून मात्र त्यांस आवडत होती. मुलगाही कच्चा निघाला. त्याने नकारही मानला नाही आणि तो मोडण्याचे धैर्यही दाखविले नाही. करारामुळे मान्याला ती नोकरी सोडता येईना. ज्या घराने तिला नाकारले त्याच घरात तिने १८८९ पर्यंत दिवस काढिले, आणि त्यानंतरही आशेचा धागा पुरता तुटला नव्हता. १८९१ च्या सप्टेंबरात झाकोपाने येथील डोंगरात दोघांची शेवटची भेट झाली. तो अजूनही चाचरतच होता. तेव्हा तिनेच विषय संपविला, आणि दोन महिन्यांच्या आत ती पॅरिसच्या गाडीत बसली. हा काझिमिएर्झ पुढे गणिताचा नामांकित प्राध्यापक झाला, हेही सांगावयास हवे. बुद्धीत तो कमी नव्हता.

ही जुनी हकीकत विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, पुढे पिएर क्युरीची पत्रे ज्या मनाने वाचिली गेली ते मन या अनुभवाने घडले होते. तिला एकदा प्रेमाची भाषा पुष्कळ ऐकावयास मिळाली होती. ती भाषा बोलणारा मनुष्य आपल्यासाठी जागचा हलेल काय, हा तिचा खरा प्रश्न होता.

पॅरिसला तिने काही दिवस बहिणीकडे व नंतर विद्यार्थ्यांच्या वस्तीतील सहाव्या मजल्यावरच्या खोल्यांतून राहून अभ्यास केला. १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या पदवीपरीक्षेत ती पहिली आली आणि १८९४ साली गणितात दुसरी. मधल्या काळात वॉर्साहून ६०० रुबलांची एक शिष्यवृत्ती मिळाली म्हणूनच दुसरी परीक्षा शक्य झाली. पुढे स्वतःच्या कमाईतून तिने ती रक्कम परत केली. शिष्यवृत्ती कोणी परत करीत नसते, त्यामुळे घेणाऱ्या संस्थेलाही आश्चर्यच वाटले. तिचा बेत ठरलेला होता. शिक्षण पुरे करून वॉर्साला परतावयाचे, शिक्षिका व्हावयाचे, आणि म्हाताऱ्या वडिलांजवळ राहावयाचे. वडिलांना तिने तसा शब्दच दिला होता.

१८९४ च्या आरंभी निरनिराळ्या प्रकारच्या पोलादांचे चुंबकीय गुणधर्म तपासण्याचे काम एका संस्थेने तिच्यावर सोपविले. त्यासाठी उपकरणे मांडावयास जागा पाहिजे होती. कोवाल्स्की नावाचे एक पोलिश प्राध्यापक स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर येथे शिकवीत असत; ते सपत्नीक पॅरिसला आले होते, आणि त्यांच्या पत्नीची व मारीची श्चुकीपासूनची ओळख होती. त्यांना पिएर क्युरी आठवला, आणि त्यांनी दोघांस आपल्या बिऱ्हाडी चहास बोलाविले. मारी आत आली तेव्हा पिएर गच्चीकडे उघडणाऱ्या दारात उभा होता. हा तपशील तिने पुढे कित्येक वर्षांनी लिहून ठेविला आहे.

पिएर पस्तिशीच्या उंबरठ्यावर होता. तो लहानपणी कधी शाळेत गेला नव्हता. घरीच वडिलांनी, डॉ. युजेन क्युरी यांनी, शिकविले. एकविसाव्या वर्षी, १८८० साली, थोरला भाऊ झाक याच्यासह त्याने स्फटिकांवर दाब दिला असता वीज उत्पन्न होते हा शोध लाविला होता. लॉर्ड केल्व्हिनसारखा पुरुष त्याच्या उपकरणांची वाखाणणी करी. पण आपल्या देशात त्याची किंमत महिना सुमारे ३०० फ्रँक, म्हणजे एखाद्या कसबी कारागिराइतकी. पदव्या व पदे यांसाठी अर्ज करणे त्याला जमत नसे. लग्नाचा विचार त्याने सोडूनच दिला होता, कारण संशोधनात रमणाऱ्या पुरुषाला स्त्रीची ओढ मागे खेचते, असे त्याने तरुणपणी आपल्या वहीत लिहून ठेविले होते. अशा मनुष्याला एक मुलगी भेटली, की जिच्याशी त्याला स्फटिकांच्या सममितीविषयी बोलता येत होते. त्याने तिला पहिली भेट पाठविली ती फुलांची नव्हे. आपल्या सममितीवरील निबंधाची सही केलेली प्रत.

काही आठवड्यांत त्याने लग्नाचे विचारिले. तिने नाही म्हटले. परक्या देशातील मनुष्याशी लग्न करून कायमचे परदेशी राहणे म्हणजे पोलंडचा विश्वासघात, अशी तिची भावना होती. त्याने एवढेच मागितले की, ऑक्टोबरात परत यावे व अभ्यास पुढे चालवावा. तिने नक्की वचन दिले नाही, आणि सुटीसाठी ती निघून गेली.

येथून पत्रांचा भाग सुरू होतो. पिएरची त्या उन्हाळ्यातील पत्रे मारीने जन्मभर जपून ठेविली, आणि १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या पतीच्या चरित्रात तिने त्यांतील उतारे दिले. पुढे धाकटी कन्या ईव्ह हिने आईच्या चरित्रात आणखी काही दिले. त्यामुळे ही हकीकत तर्काने जुळवावी लागत नाही.

१० ऑगस्टचे पत्र सर्वांत प्रसिद्ध आहे. प्रियकराचे पत्र म्हणून ते वाचावयास घेणाऱ्याची निराशा होईल. रूपाचे वर्णन नाही, विरहाचे उसासे नाहीत. निदान चांगले मित्र राहण्याचे आपण एकमेकांना कबूल केले आहे, एवढी आठवण तो देतो. आणि लगेच म्हणतो की, अशी वचने बंधनकारक नसतात, या गोष्टी हुकमाने होत नाहीत. नंतर तो तीन स्वप्नांचा उल्लेख करितो : तिचे देशभक्तीचे स्वप्न, दोघांचे मानवजातीच्या कल्याणाचे स्वप्न, आणि विज्ञानाचे स्वप्न. ती उराशी धरून दोघांनी जवळजवळ राहून आयुष्य काढावे, ही गोष्ट किती सुंदर होईल, पण तिच्यावर विश्वास ठेवण्यास आपण धजत नाही, असे तो लिहितो.

यानंतर मात्र त्याच्या हातून चूक झाली. या तिन्हींपैकी विज्ञानाचे स्वप्न तेवढे रास्त, असा निवाडा त्याने देऊन टाकिला. समाजाची घडी बदलणे आपल्या हाती नाही, बदलू गेलो तर हित होईल की अहित हेही सांगता येत नाही. विज्ञानात मात्र जमीन घट्ट आहे आणि शोध कितीही लहान असला तरी तो कायमचा पदरी पडतो, असा त्याचा युक्तिवाद. पुढच्या एका पत्रात तर त्याने भिंतीवर डोके आपटून ती पाडू पाहणाऱ्याचा दाखला दिला. युक्तिवाद म्हणून हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु पॅरिसच्या स्वतंत्र हवेत बसून पोलंडच्या मुलीला तिच्या देशाची भिंत पडणार नाही असे सांगणे सोपे होते. ती भिंत १९१८ साली पडली, आणि पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. ते पाहावयास पिएर नव्हता. १९०६ सालीच पॅरिसच्या रस्त्यात घोडागाडीखाली सापडून त्याचा अंत झाला होता. मारीने पाहिले.

त्याच पत्राच्या अखेरीस त्याने भीत भीत एक गोष्ट विचारिली होती. मारी कोवाल्स्की मंडळींकडे फ्रिबूरला जाणार होती. तेथे आपण योगायोगाने आल्यासारखे येऊन भेटलो तर चालेल काय? तिने उत्तरी येण्यास हरकत नसल्याचे कळविले. आता कोणताही प्रियकर पहिल्या गाडीने निघाला असता. पिएर दिवसभर विचार करीत बसला आणि शेवटी गेला नाही. का गेला नाही, ते त्याने १४ ऑगस्टच्या पत्रात क्रमाने सांगितले आहे. पत्र वाचून प्रथम वाटले की, आपण न यावे अशीच हिची इच्छा दिसते. मग वाटले, तरीही तीन दिवस आपल्याबरोबर घालविण्याची संधी देते ही तिची मोठी कृपा. आणि तो निघण्याच्या बेतास आला. मग लाज वाटली, की तिच्या मर्जीविरुद्ध आपण तिच्या पाठीस लागलो आहोत. आणि शेवटी ज्या विचाराने त्याला रोखिले तो असा, की तिचे वडील बरोबर असणार, लेकीचा सहवास त्यांना बहुत दिवसांनी मिळणार, आणि आपण गेलो तर त्या सुखात विरजण पडेल.

या संबंध पत्रव्यवहारातील मर्माचे स्थळ हे आहे. स्वप्नांविषयीची वाक्ये लोक उद्धृत करितात. परंतु मारीला पिएर कसा आहे हे ज्यावरून कळले असेल ते हे साधे पत्र. तिचा सारा प्रश्न म्हाताऱ्या वडिलांचा होता, आणि त्यांना कधी न पाहिलेल्या या मनुष्याने त्यांचा विचार स्वतःच्या आधी केला होता. समोरासमोर असता तर या गोष्टी त्याने बोलून दाखविल्या नसत्या. तो मुलखाचा बुजरा होता. दूर होता म्हणून लिहाव्या लागल्या. आता संधी गेल्याची हळहळही त्याला झालीच. गर्दीच्या एका सणात आपली चुकामूक झाली होती तशीच ही मैत्री दोघांपैकी कोणाचीही इच्छा नसताना अकस्मात तुटेल, अशी धास्ती त्याच पत्रात आहे.

सप्टेंबरात मारीचे मन डळमळू लागल्याचे त्याला तिच्या पत्रांतून दिसले. वॉर्सात राहावे की परत यावे, तिचा निश्चय होईना. ७ सप्टेंबरच्या पत्रात त्याने आग्रह धरिला तो परत येण्यापुरता, आणि तोही स्वतःच्या लोभाने नव्हे, तर तिचे काम पॅरिसला अधिक चांगले होईल म्हणून, असे तो बजावितो. ते खरेही होते आणि खोटेही होते. दरम्यान तिने आपली तसबीर पाठविली. त्याने ती भावास दाखविली, आणि भावाचा अभिप्राय प्रामाणिकपणे तिला कळविला : मुलगी निश्चयी दिसते, किंबहुना हट्टी. कोणता वर होणाऱ्या वधूला असे लिहील? पण मारीला ते आवडले असावे. ऑक्टोबरात ती परतली.

तरीही होकार आला नाही. पत्रांनी तिला पॅरिसपर्यंत आणिले. पुढचे अंतर पत्रांनी तुटण्यासारखे नव्हते. तिने खोली घेतली ती बहिणीच्या दवाखान्यास लागून, आणि पोलंडला परत जाण्याची भाषा सोडिली नाही. पिएरने नाना युक्त्या काढिल्या. लग्न नको असेल तर बागेवर खिडक्या उघडणारे एक घर दोन भागांत विभागून मित्र म्हणून शेजारी राहू, असेही त्याने सुचविले. त्या काळच्या पॅरिसमध्येसुद्धा ही सूचना जरा विलक्षणच होती. आणि मग त्याने ते म्हटले, जे आधी कोणी म्हटले नव्हते. तू येऊ शकत नसशील तर मी पोलंडला येतो. तेथे प्रयोगशाळा नसेल तर फ्रेंच भाषेच्या शिकवण्या करून पोट भरीन.

पंधरा वर्षांच्या संशोधनावर पाणी सोडण्याची ही तयारी होती. मारीने ती स्वीकारिली नाही, आणि स्वीकारणे योग्यही झाले नसते. पण तयारी दाखविली गेली तेव्हा परिस्थितीच पालटली. आजवर देश सोडावयाचा की नाही हा प्रश्न फक्त तिच्यापुढे होता. आता तो दोघांपुढे सारखा आला. श्चुकीचा तरुण आपल्या आईबापांच्या दिवाणखान्यातून बाहेर पडू शकला नव्हता. हा सरहद्द ओलांडावयास सिद्ध झाला. मारीने आपली घालमेल बहिणीजवळ उघड केली. पिएरच्या आईनेही ब्रोन्याला गाठून आपल्या मुलाची रदबदली केली, आणि ती करिताना आईने जे म्हणावयाचे तेच म्हटले : याच्यासारखा दुसरा मिळावयाचा नाही. १८९५ च्या मार्चमध्ये पिएरने, तेही मोठ्या आग्रहानंतर, आपला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. श्रोत्यांत मारी होती.

होकार मिळावयास पुढला उन्हाळा उजाडावा लागला. आपल्याकडील वाङ्निश्चयासारखा कोणताही विधी झाला नाही. निश्चय झाला हे जगाला कळले तेही पत्रांनीच. वॉर्साला भाऊ युझेफ यास मारीने लिहिले, आणि जुलैच्या मध्यास त्याचे उत्तर आले की, तू मनाचा कौल मानिलास हे बरोबर केलेस, कोणीही न्यायी मनुष्य तुला दोष देणार नाही, आणि तू अंतःकरणाने पोलिशच राहशील याची मला खात्री आहे. हे उत्तर तिला किती हवे होते, हे तिने एका बालमैत्रिणीस लिहिलेल्या पत्रावरून समजते. आपण वर्षभर उत्तर देऊ शकलो नाही, कायमचे पॅरिसला राहावे लागणार याचे दुःख आहे, पण काय करावे, एकमेकांपासून दूर राहण्याची कल्पनाच आता दोघांस सहन होत नाही, असा त्याचा आशय आहे.

२६ जुलै १८९५ रोजी सो या गावी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. वॉर्साहून वडील व बहीण हेला आली होती. धर्मविधी नव्हता, अंगठी नव्हती, पांढरा पोशाखही नव्हता. ब्रोन्याच्या सासूबाई कपडा घेऊन देणार होत्या. तेव्हा मारीने कळविले की, गडद रंगाचा व टिकाऊ घ्यावा, म्हणजे पुढे प्रयोगशाळेत वापरता येईल. अहेराच्या पैशांतून दोन सायकली घेतल्या, आणि त्यांवर बसून नवी जोडी पॅरिसभोवतीच्या रानवाटांनी फिरावयास गेली.

वडिलांजवळ राहण्याचा शब्द मात्र पाळिला गेला नाही. १९०२ च्या मे महिन्यात ते वारले तेव्हा मारी वाटेत होती. ती पोहोचली तो त्यांस पेटीत ठेविलेले होते, आणि तिने ती पेटी उघडावयास लाविली. विवाहाची ही किंमत तिने जाणूनबुजून दिली होती. त्यामुळे ती कमी ठरत नाही. १८९८ च्या जुलैत उभयतांनी एक नवे मूलद्रव्य शोधिले तेव्हा त्याचे नाव तिने पोलोनियम ठेविले.

पिएरनेही आपल्या परीने एक गोष्ट केली. पोलंडला जाण्याचा प्रसंग टळला, परंतु तो पोलिश भाषा शिकू लागला. १८९७ च्या उन्हाळ्यात मारीला दिवस गेले होते, आणि ती ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पोर-ब्लां या गावी आपल्या वडिलांबरोबर विश्रांतीस राहिली होती. पिएर कामासाठी पॅरिसलाच अडकला होता. दोघांमध्ये पुन्हा एकदा टपाल आले. त्या वेळी त्याने बायकोला पत्रे लिहिली ती तिच्या भाषेत, पहिल्या इयत्तेतील मुलाने लिहावी तशा लहान लहान वाक्यांची.